सायंकाळी रिती होणारी झोळी

विजयादशमीच्या सायंकाळी सीमोल्लंघन करून आलेली मंडळी एकमेकांच्या हाती आपट्याची पाने ठेवतात आणि त्यांना सोने म्हणतात. त्या सोन्यामागची कथा आमच्या वाचकांच्या घरी लहान मुलांनाही ठाऊक असते. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या रघुराजाच्या दारी कौत्स नावाचा स्नातक आला. गुरुदक्षिणेसाठी त्याला चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या आणि राजाजवळ अर्घ्य देण्यापुरते मातीचे पात्र तेवढे उरले होते. पुढे कुबेराने सुवर्णवृष्टी केली, हे सर्वांच्या स्मरणात असते. त्यानंतरचा भाग मात्र आपण घाईने सांगून टाकतो. कौत्स चौदा कोटींवर एकही मुद्रा घेईना. आणि याचकासाठी आलेले धन म्हणून राजा उरलेले सोने कोशात ठेवीना. देणारा ठेवून घेत नाही आणि घेणारा अधिक घेत नाही, असा तो विलक्षण तंटा होता. तो मिटावा म्हणून उरलेले सोने वृक्षातळी राहिले आणि लोकांनी ते लुटले. आपल्या वाट्याला सणात आली ती ही लूट. तो तंटा मागे पडला.

त्या तंट्याची आठवण व्हावी असे एक चरित्र याच तिथीशी जोडलेले आहे. मंगळवार, १५ ऑक्टोबर १९१८ या दिवशी, विजयादशमीस, दुपारी अडीचच्या सुमारास शिर्डीच्या जुन्या मशिदीत श्रीसाईबाबांनी देह ठेवला. त्यापूर्वीच्या सुमारे दहा वर्षांत त्यांच्या हातातून हजारो रुपये गेले होते. देह पडला तेव्हा त्यांच्याजवळ मोजके रुपये निघाले. श्रीसाईसच्चरितकार गोविंद रघुनाथ दाभोळकर, ज्यांना आपण हेमाडपंत म्हणून ओळखतो, त्यांनी ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवली आहे.

परभणी जिल्ह्यातील वाचकांना या पुण्यतिथीचे अगत्य थोडे अधिक असते, याचे कारण सांगावयास नको. परभणीहून मानवतमार्गे निघालो की आपण पाथरीस पोहोचतो. बाबा आपल्या जन्माविषयी बहुधा बोलत नसत आणि बोलले तर कोड्यात बोलत. मात्र शिर्डीच्या खंडोबाचे पुजारी म्हाळसापती, ज्यांनी त्यांना प्रथम साई या नावाने हाक मारली, त्यांनी एक आठवण सांगून ठेवली आहे. आपण पाथरीच्या ब्राह्मणाचे मूल असून बालपणीच एका फकिराच्या स्वाधीन झालो, असे बाबा त्यांना म्हणाले होते. पाथरीची काही माणसे शिर्डीस आली असता तेथील कोणकोणाची बाबांनी विचारपूस केली, असेही ते सांगत. दासगणू महाराजांनी आपल्या ग्रंथात बाबांच्या गुरूचे स्थान याच जिल्ह्यातील सेलू हे सांगितले आहे. १९७५ नंतर विश्वास खेर यांनी पाथरीत येऊन शोध घेतला, भुसारी घराण्याकडे त्यांचे लक्ष वळले आणि १९९९ मध्ये तेथे मंदिर उभे राहिले. सर्व अभ्यासकांना हे मान्य आहे असे नाही, आणि शिर्डीकरांना तर मुळीच नाही. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा झाली, तेव्हा शिर्डीने बंद पाळला. ज्याने आयुष्यभर आपले म्हणून काही ठेवले नाही, तो नेमका कोणाचा यावरून दोन गावांत वाद व्हावा, हे पाहून आम्हांला विषादही वाटला आणि थोडे हसूही आले. या वादाचा निर्णय करण्याचा आमचा अधिकार नाही. गोदाकाठच्या या भूमीत गंगाखेडची जनाबाई झाली, जिच्यापाशी टाकून देण्यासारखेही काही नव्हते. तिच्या शेजारी पाथरीच्या या फकिराचे नाव शोभून दिसते, एवढेच आम्ही म्हणतो.

आता या लेखाचे निमित्त. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत दारावर येणाऱ्यांची संख्या वाढते. कोणी जोगवा मागतो, कोणी पावतीपुस्तक पुढे करतो, कोणी आजारी मुलाचा कागद दाखवितो. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर अशा वेळी आपल्या मनात प्रथम दया उपजत नाही. उपजते ती शंका. हा खरा गरजू की सोंगाड्या? ही वर्गणी पोहोचते कोठे? आम्हीही याला अपवाद नाही. एका सणाला अन्नदानासाठी म्हणून वर्गणी नेलेल्या मंडळींचे अन्नदान आम्हांला पुढे कोठेच आढळले नाही, आणि त्यानंतर दोन वर्षे आम्ही दारातून कोणालाच काही दिले नाही. फसविले एकाने आणि विन्मुख गेले अनेक. बाबांचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले ते या अस्वस्थतेतून, कारण दानाविषयीची शंका त्यांच्याही उंबरठ्यावर रोज येऊन बसत होती.

प्रारंभी तसे काही नव्हते. शिर्डी हे त्या वेळी कोपरगाव तालुक्यातील लहानसे खेडे होते. पडक्या मशिदीत राहणारा, धुनी पेटती ठेवणारा आणि ठराविक पाच घरी भिक्षा मागणारा हा फकीर गावास निरुपद्रवी वेडा वाटे. कोरडी भाकरी झोळीत आणि पातळ पदार्थ टमरेलात घेऊन तो परत येई. आणलेली भिक्षा मशिदीत एका मातीच्या भांड्यात उघडीच असे. कुत्री, मांजरे, कावळे त्यातून खात, मशीद झाडणारी बाई त्यातल्या भाकरी घरी नेई, आणि कोणालाही तो हाकलीत नसे. पैसा तर तो घेतच नसे. जळलेल्या काड्या गोळा करून खिशात ठेवणे एवढाच काय तो संग्रह. कोणी एक-दोन पैसे समोर ठेवलेच, तर त्यातून तेल किंवा तंबाखू यावी.

दिव्यांची आवड मात्र त्यांना भारी. गावातील वाण्यांकडून तेल मागून आणून ते मशिदीत पणत्या लावीत. एके दिवशी वाण्यांनी आपसांत ठरवून तेल नाकारले. पुढे काय घडले ते भाविकांना विदितच आहे: टमरेलातील उरल्यासुरल्या तेलात पाणी मिसळून बाबांनी ते प्राशन केले आणि नुसत्या पाण्यावर पणत्या रात्रभर तेवल्या. चमत्काराकडे सर्वांचे लक्ष जाते. आमचे लक्ष त्या वाण्यांकडे जाते. ती दुष्ट माणसे नव्हती. रोज फुकट द्यावयाचा त्यांना वीट आला होता. देणाऱ्याला येणारा हा थकवा फार जुना आहे आणि तो संतांच्या कथेतही येऊन बसला आहे.

पुढे दिवस पालटले. नारायण गोविंद उर्फ नानासाहेब चांदोरकरांसारखे सरकारी अधिकारी येऊ लागले; दासगणूंच्या कीर्तनांनी बाबांचे नाव मुंबई-ठाण्यापर्यंत नेले. तोवर बाबांचे अन्नदान त्यांच्या स्वतःच्या हातचे होते. दोन हंड्या होत्या, एक पन्नास माणसांची आणि एक शंभरांची. बाजारात ते स्वतः जात, धान्य, पीठ, मसाला रोख पैसे मोजून घेत, उधारी नाही. मसाला स्वतः वाटीत, चूल स्वतः पेटवीत. कधी गोड भात, कधी पुलाव, कधी आमटी. अन्न शिजले की पहिली पंगत दीनदुबळ्यांची. हा क्रम १९१० च्या सुमारापर्यंत चालला. मग भक्तांच्या नैवेद्यांचाच एवढा ओघ सुरू झाला की हंड्यांची गरज उरली नाही.

आणि याच काळात, १९०८ च्या आगेमागे, या निष्कांचन फकिराने लोकांकडे दक्षिणा मागावयास आरंभ केला.

येथे अनेकांचे पाऊल अडखळले. ज्याला सोने आणि माती सारखी, त्याने हात का पसरावा? तुटपुंज्या पगाराच्या माणसालाही का मागावे, आणि खिसा रिकामा असेल तर उसने आणून दे असे का म्हणावे? हे आक्षेप निंदकांपुरते नव्हते. श्रद्धेने आलेल्यांनाही ते टोचत होते, आणि म्हणूनच हेमाडपंतांनी आपल्या ग्रंथाचा चौदावा अध्याय मुख्यतः या विषयाला दिला. डहाणूचे मामलेदार बाळकृष्ण विश्वनाथ देव हे सरकारी हिशेबात मुरलेले गृहस्थ. त्यांनी साईलीला मासिकात या मागणीची जी रीत नोंदवून ठेवली, ती पाहण्यासारखी आहे. बाबा सर्वांकडे मागत नसत. मागितल्यावरच देऊ असे मनात धरून बसलेल्याकडे तर ते बहुधा मागतच नसत. सर्व श्रीमंतांकडे मागितले असेही नाही आणि सर्व गरिबांना सोडले असेही नाही. कोणी मनात योजिल्यापेक्षा अधिक ठेवले तर जास्तीचे परत करीत. कोणी दुसऱ्याबरोबर दक्षिणा पाठविली आणि तो विसरला, तर त्याला आठवण देत. न देणाऱ्यावर कधी रागावत नसत. कधी दिलेल्यातला एखादा रुपया परत देऊन तो देवघरात ठेवावयास सांगत.

जमलेल्या पैशांतून चिलमीची तंबाखू आणि धुनीची लाकडे एवढाच त्यांचा स्वतःचा खर्च होता. बाकी सारे दिवस मावळण्यापूर्वी वाटून संपे. एका भक्ताच्या तीन वर्षांच्या मुलीला रोज एक रुपया, तिच्या आईला सहा, कोणाला दोन, कोणाला पाच, कोणाला दहा-वीस. मालेगावचे फकीर पीरमहंमद, ज्यांना बडेबाबा म्हणत, त्यांना रोज पन्नास रुपये मिळत आणि निरोप देताना बाबा त्यांच्यासोबत शंभर पावले चालत जात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पुन्हा पूर्वीसारखे भिकारी. भिक्षेची झोळी तर अखेरपर्यंत सुटली नाही. राजाच्या तोडीचे पैसे हाती येत असता हा मनुष्य पाच घरची भाकरी मागत होता.

पन्नास एकाला आणि दोन दुसऱ्याला, असे का? गावात याची कुजबुज नसेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल. आम्हांलाही याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. कोणाची गरज किती, पात्रता किती, याचे कोष्टक बाबांनी कोणापुढे मांडले नाही. आजच्या एखाद्या विश्वस्त मंडळाला हा कारभार मुळीच मानवणार नाही, आणि ते योग्यच आहे. कारण विश्वस्तांना दुसऱ्याच्या पैशाचा जाब द्यावयाचा असतो. बाबांच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट एकच, पण ती मोठी आहे. शंकेखोराने सायंकाळी मशिदीत येऊन झडती घेतली असती, तर तेथे मोजण्यासारखे काही मिळाले नसते. सांगतात की प्राप्तीकराच्या अधिकाऱ्यांचेही लक्ष या आवक-जावकेकडे गेले होते. बाबांजवळ शिल्लक काहीच नव्हती. तेव्हा ज्यांना नित्य मोठी रक्कम मिळे त्यांच्यावर कर बसला. सरकारनेही अखेर त्या झोळीचा नाद सोडला!

भक्तांनी आणलेल्या उंची वस्तूंचा त्यांना संताप येई. घोडा, पालखी, चांदीचे दंड हे सारे भक्तांच्या हौसेने गोळा झाले. एक कौपीन, एक फडके, एक कफनी आणि एक टमरेल एवढीच आपली मालमत्ता असता लोक हे ओझे का आणतात, अशी तक्रार त्यांनी चांदोरकरांपाशी केली होती.

मराठवाड्याच्या वाचकांसाठी यातील एक हकीगत विस्ताराने सांगावीशी वाटते. नांदेड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि तेथे रतनजी शापुरजी वाडिया नावाचे पारशी ठेकेदार होते. शेतीवाडी, गुरेढोरे, घोडागाडी, कशाला तोटा नाही. उणे होते ते पुत्रसंतानाचे. रतनजी उदार होते. गोरगरिबांना अन्नवस्त्र देण्याचा त्यांचा परिपाठ होता. दासगणूंच्या सांगण्यावरून ते शिर्डीस आले, बाबांच्या चरणांवर फुले वाहिली आणि दुःख निवेदन केले. बाबांनी पाच रुपये दक्षिणा मागितली. पण लगेच असेही सांगितले की त्यांपैकी तीन रुपये चौदा आणे पूर्वीच पावले आहेत, तेव्हा उरलेले तेवढे द्यावे. रतनजी चक्रावले. ते शिर्डीस प्रथमच येत होते आणि कोणाबरोबर काही पाठविल्याचेही त्यांना आठवेना. उरलेली रक्कम देऊन ते नांदेडास परतले, पण कोडे सुटले नाही. दासगणूंना विचारता त्यांना एक गोष्ट आठवली. नांदेडात मौलीसाहेब नावाचे एक अवलिया होते. हमाली करून राहत. रतनजींच्या शिर्डी-प्रवासापूर्वी ते सहज त्यांच्या घरी आले होते आणि रतनजींनी त्यांचे आदरातिथ्य केले होते. त्या दिवशीच्या खर्चाची यादी मागवून बेरीज केली. तीन रुपये चौदा आणे, न एक पै कमी, न एक पै जास्त.

भाविक याला बाबांचे सर्वसाक्षित्व म्हणतील आणि आम्हीही म्हणतो. पण या कथेत आम्हांला दुसरेही काही दिसते. रतनजींनी एवढी वर्षे केलेल्या अन्नवस्त्रदानाचा हिशेब बाबांनी काढला नाही. घरी आलेल्या एका हमालाला प्रेमाने खाऊ घातले, तेवढीच रक्कम त्यांच्या खात्यावर जमा निघाली. मोठ्या दानांची नोंद दुसऱ्या वहीत असेल. ती वही बाबांनी उघडून दाखविली नाही.

याच्या उलट टोकाचा एक धनिकही चरित्रात येतो. ब्रह्मज्ञान त्वरित हवे म्हणून तो परतीचा टांगा ठरवूनच शिर्डीस आला होता. बाबांनी त्याला बसवून घेतले आणि एका मुलाला पाच रुपये हातउसने आणण्यास नंदू मारवाड्याकडे धाडले. नंदू घरी नव्हता. मग बाळा वाण्याकडे धाडले, तोही नव्हता. असे आणखी एकदोनदा झाले. त्या गृहस्थाच्या खिशात अडीचशे रुपयांच्या नोटांचे पुडके होते. पाच रुपये बुडणार नाहीत हेही त्याला ठाऊक होते. तरी त्याचा हात खिशाकडे वळला नाही. तो ब्रह्मज्ञानासाठी घाई करीत राहिला. शेवटी पाचाची पन्नासपट खिशात असल्याचे बाबांनीच त्याला दाखवून दिले. १९१६ मध्ये मद्रासकडील एक भजनी कुटुंब काशीयात्रेला जाता जाता शिर्डीस उतरले, तेही बाबा रोज पैसे वाटतात हे ऐकूनच. पती पैशाच्या आशेने भजन करी. पत्नीला बाबांच्या ठायी रामाचे दर्शन झाले आणि तिला पैशाची आठवणही राहिली नाही. एकाच छपराखाली, एकाच भजनात!

संशयी माणसे पालटली त्याचेही दाखले आहेत. कोपरगावचे मामलेदार भाटे हे बाबांकडे जाणाऱ्यांची थट्टा करीत. १९०९ मध्ये कामानिमित्त शिर्डीस मुक्काम पडला तेव्हा ते काही दिवस मशिदीत जाऊ लागले आणि पाहता पाहता नोकरीवरचे त्यांचे चित्त उडाले. पुढचे आयुष्य त्यांनी शिर्डीतच काढले. मुंबईचे नामांकित सॉलिसिटर हरी सीताराम उर्फ काकासाहेब दीक्षित यांनी चालता व्यवसाय आवरता घेतला. एकदा ते मिळकतीच्या रुपयांनी भरलेली पेटीच घेऊन बाबांपुढे आले आणि ती त्यांचीच आहे असे म्हणाले. बाबांनी पेटी उघडली व दोन्ही हातांनी रुपये काढून भोवतालच्या लोकांना वाटावयास सुरुवात केली. पाहता पाहता पेटी रिकामी झाली. चरित्रकार सांगतात की दीक्षितांचे एक न्यायाधीश मित्र तेथे उभे होते. ते बाबांकडे पाहत नव्हते, दीक्षितांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या चेहऱ्यावर रेषाही हलली नाही.

दीक्षितांसारखे धैर्य आपणा संसारी माणसांना झेपणारे नाही. म्हणून चांदोरकरांची एक गोष्ट आम्हांला अधिक जवळची वाटते. कल्याणला त्यांच्या घरी एक गरीब बाई भाजणी मागावयास आली. गृहिणीने मापभर दिली. बाई आणखी मागू लागली. पुन्हा दिली; तिचे समाधान होईना. चांदोरकर संतापले आणि मिळाले तेवढे घेऊन चालती हो, नाही तर शिपायाकरवी बाहेर काढू, असे त्यांनी दटाविले. पुढे ते शिर्डीस गेले तर बाबा त्यांच्याशी बोलेनात. कारण विचारता त्या बाईचा विषय निघाला. तिला हवी तेवढी भाजणी द्यावयास हवी होती असे बाबांचे म्हणणे नव्हते. नाही म्हणण्यालाही मृदू शब्द असतात, ते का सुचले नाहीत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हे वाचताना आम्हांला आमच्या दाराची दोन वर्षे आठवली. आमची शंका रास्त होती, असे आम्ही आजही म्हणू. पण त्या काळात आमच्या तोंडून दारावर जे शब्द गेले, त्यांना ती शंका पांघरूण घालू शकत नाही.

याचा अर्थ बाबांचे दान भोळे होते असा मात्र नव्हे. महामारीच्या दिवसांत त्यांनी स्वतः जाते मांडून गहू दळावयास घेतले. चार बायका धावून आल्या, त्यांनी खुंटा हाती घेतला आणि दळण संपल्यावर, या फकिराला ना घर ना दार, तेव्हा पीठ आपल्यालाच मिळणार असे समजून त्याचे चार वाटे केले. तोवर शांत असलेले बाबा असे काही कडाडले की बायका जागीच थिजल्या. ते पीठ गावाच्या शिवेवर टाकावयाचे होते. सर्वांसाठी आलेल्या वस्तूवर मदतीला आलेल्याचाही हक्क नाही, हा धडा हजारोंच्या उलाढाली करणाऱ्यांनी गिरवण्यासारखा आहे. आणि श्रमाच्या मोलाबाबत ते तितकेच काटेकोर होते. एकदा कोणी शिडी आणून दिली, तर त्याच्या हाती त्यांनी दोन रुपये ठेवले. एवढ्याशा कामाला एवढे कशाला, असे लोकांना वाटले. कोणाचे श्रम फुकट घेऊ नयेत आणि मजुराचे पैसे लगोलग चुकते करावेत, असे त्यावर बाबांनी समजाविले. हा हिशेब ते कधी विसरले नाहीत.

१९१६ च्या विजयादशमीस, मंडळी सीमोल्लंघन करून परतत असता बाबांना अकस्मात उग्र आवेश चढला. डोकीचे फडके, कफनी, लंगोट, अंगावरचे सारे फाडून त्यांनी धुनीत टाकले. कोणाची जवळ जाण्याची छाती होईना. अखेर भागोजी शिंदे पुढे झाला आणि त्याने बाबांना लंगोट बांधला. भागोजी महारोगी होता. धुनीत भाजलेल्या बाबांच्या हाताला रोज तूप चोळून पट्टी बांधण्याची सेवा त्याच्याकडे होती. मुंबईहून डॉक्टर आले तरी बाबांनी ती सेवा भागोजीकडून काढून घेतली नाही. गावाने ज्याला स्पर्श केला नसता, त्याच्या हाती त्यांनी आपला हात दिला होता. त्यांच्या दानांच्या यादीत हे दान आम्ही रुपयांच्या वर लिहू.

दोन वर्षांनी पुन्हा दसरा आला. बाबा काही दिवस तापाने क्षीण झाले होते. दुपारी त्यांनी जमलेल्या भक्तांना जेवावयास वाड्यात पाठविले. जवळ मोजकी माणसे उरली; त्यांत लक्ष्मीबाई शिंदे होत्या. एकदा बाबांनी भूक लागली म्हणताच या बाईंनी लगबगीने भाकरी करून आणली होती आणि बाबांनी ती तशीच समोरच्या कुत्र्याला घातली होती. भुकेला जात नसते हे त्यांना तेव्हा कळले. तेव्हापासून त्या रोज दूधभाकरी आणीत. बाबांनी कफनीच्या खिशात हात घातला आणि त्यांच्या हातावर आधी पाच रुपये ठेवले, मग चार. लक्ष्मीबाई खाऊनपिऊन सुखी होत्या. त्यांना या पैशांची गरज नव्हती. म्हणून नवविधा भक्तीचे नऊ रुपये असा त्याचा अर्थ भक्त लावतात. त्यानंतर थोड्याच वेळात बयाजी अप्पा कोते यांच्या अंगावर मान टेकून बाबांनी प्राण सोडला. नागपूरचे श्रीमंत गोपाळराव बुटी यांनी मुरलीधराच्या मंदिरासाठी बांधविलेल्या वाड्यात दुसऱ्या दिवशी त्यांना समाधी देण्यात आली.

रोजच्या रुपयांवर ज्यांची घरे चालत होती, त्यांच्यासाठी त्या सायंकाळी झोळीत काही नव्हते. लक्ष्मीबाईंनी आपले नऊ रुपये मोडले नाहीत. ती नाणी त्यांनी जन्मभर जपून ठेवली.